बाद मालाचं प्रदर्शन

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी नाही. गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि आत बाबांची भट्टी असते. दर हिवाळ्यात सकाळी गाडीची काच खरवडताना माझा नवरा एकदा तरी विचारतो, "भट्टीला थंडी वाजते का हो?" बाबा आतून उत्तर देतात, "भट्टीला नाही, पण ओल्या मातीला वाजते." तो पुन्हा खरवडायला लागतो.

माझ्या माहेरी तीन पिढ्या चिनी मातीचं काम चाललं. पणजोबांनी लोणच्याच्या बरण्या केल्या, आजोबांनी कपबश्या, आणि बाबांच्या काळात कारखान्यात विजेच्या खांबांवर बसवायचे पांढरे इन्सुलेटर व्हायचे. बरणीला चीर गेली तर फार तर खार गळतो. इन्सुलेटरला केसाएवढी चीर गेली तर अख्खं गाव अंधारात बसतं. त्यामुळे बाबांनी उभं आयुष्य चिरा शोधण्यात घालवलं. प्रत्येक नग बोटाच्या पेराने वाजवायचा. टण्ण वाजला तर पास, बद्द वाजला तर बाद.

कारखाना बंद झाला आणि आईबाबा कायमचे आमच्याकडे राहायला आले. आई आठवडाभरात रुळली. बाबांना मात्र काही करायला नव्हतं, म्हणून ते घरातल्या डिशेस वाजवून बघत. तेवढ्याने भागेना, तेव्हा दुकानातले कप वाजवायला लागले. एकदा एका मोठ्या दुकानात त्यांनी मगांची अख्खी रांग वाजवून काढली आणि बाद झालेले मग बाजूला काढून ठेवले. माझी शाळकरी लेक बरोबर होती. "आजोबा, प्लीज, पीपल आर लुकिंग," असं म्हणत ती पडद्यांच्या विभागात जाऊन लपली. त्याच महिन्यात जवळच्या एका शाळेने आपली जुनी इलेक्ट्रिक भट्टी काढून टाकली. ती आम्ही घरी आणली, आणि गाडी बाहेर गेली.

वसंतात आमच्या लायब्ररीच्या हिरवळीवर हौशी लोकांचे स्टॉल लागतात. बाबांनी तिथे वाडगे आणि छोट्या बरण्या मांडल्या. एक बरणी भट्टीत खांद्यापाशी तडकली होती. ती टेबलाखाली होती आणि आईने तिच्यात आमच्या जेवणाच्या डब्यांचे चमचे उभे करून ठेवले होते.

दुपारी एक उंच, म्हातारी अमेरिकन बाई आली. पांढरे केस आरशात न बघता स्वतःच कापल्यासारखे, पँटवर रंगांची इतकी पुटं की ती पँट काढून ठेवली तर उभी राहिली असती. मांडलेल्या मालाकडे तिने पाहिलंच नाही. सरळ खाली वाकली आणि चमच्यांची बरणी उचलली.

"मला ही हवी."

"नॉट फॉर सेल," बाबा म्हणाले. "डिफेक्ट."

"म्हणूनच हवी."

बाबांना इंग्रजी चांगलं कळतं, पण हे कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते ही?"

"त्यांना तडकलेलीच हवी आहे, बाबा."

"का?"

मी तिला विचारलं. तिने त्या चिरेवरून अंगठा फिरवला. "ही अशी रेघ मला कॅनव्हासवर काढायची आहे. आयुष्यभर प्रयत्न करते आहे. हात मध्ये येतो."

बाबांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तिला सांग, ही रेघ मीसुद्धा काढलेली नाही. आपोआप आली. बाद माल मी घराबाहेर जाऊ देत नाही. पण तिला बघायचीच असेल तर घरी ये म्हणावं."

ते सौजन्याने म्हणाले होते. ती गुरुवारी आली. आणि नंतर दर गुरुवारी येत राहिली.

ती कोण आहे हे आम्हाला उशिराच कळलं. नवऱ्याने ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत तिचं नाव शोधलं आणि मला घाईघाईने फोन केला. "अगं, तरुणपणी ही न्यूयॉर्कच्या त्या बंडखोर चित्रकारांच्या गटात होती! यांनी झाडूने चित्रं काढली होती. कोऱ्या कॅनव्हासचं प्रदर्शन भरवलं होतं. ही बाई म्युझियममध्ये आहे!"

"ती आत्ता आपल्या गॅरेजमध्ये आहे," मी म्हटलं, "आणि आईने केलेले पोहे खाते आहे."

शेजारची मुलं आईला काकू म्हणत, ते ऐकून तीही काकू म्हणायला लागली. आई तिच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. "हिने मला काकू म्हणायचं म्हणजे काय!" असं आई पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात तिने त्या नात्याने बाईला केस नीट कापून घ्यायला सांगितलं.

बाईची मागणी साधी होती. मोठ्या पसरट थाळ्या, आणि प्रत्येकीला चीर. त्या चिरांमध्ये ती काळा रंग भरणार होती. बाबा दर गुरुवारी नाही म्हणत. शेवटी आईच मध्ये पडली. "पाहुणी इतक्या लांबून येते, चहा पिते, तुमच्या कारखान्याच्या त्याच त्या गोष्टी ऐकते. एक फुटकी ताटली देववत नाही तुम्हाला?"

बाबा तयार झाले, पण आता त्यांचे हात तयार होईनात. ते मुद्दाम वाईट थाळी करायला बसत आणि थाळी चांगलीच होई. बाई भट्टीतून एकेक नग काढायची, उजेडात धरायची आणि अत्यंत दुःखाने म्हणायची, "परफेक्ट." बाबाही अपराधी चेहऱ्याने मान खाली घालत. चांगल्या मालाबद्दल सांत्वन करण्याची वेळ आमच्यावर प्रथमच आली होती.

मग तिने एक युक्ती केली. कारखान्यात कामगारांना तुम्ही कशाकशावरून ओरडायचात, असं तिने विचारलं. बाबा खुलले. ओला नग वाऱ्यावर ठेवणं, कडा पातळ आणि बूड जाड ठेवणं, हाताने धरवत नाही इतकी गरम भट्टी उघडणं... बाबा हातवारे करून सांगत होते आणि ती मन लावून ऐकत होती. पुढच्या काही गुरुवारी तिने ते सगळं एकापाठोपाठ एक करून दाखवलं. भट्टी उघडायची वेळ झाली तेव्हा बाबा उठून मागच्या अंगणात आईच्या मेथीच्या वाफ्यापाशी जाऊन बसले. गॅरेजमधून थाळ्या तडकल्याचा टिंग, टिंग आवाज आणि बाईच्या आनंदाच्या आरोळ्या येत होत्या. बाबांनी कानांवर हात ठेवले. आईने त्यांना पाणी नेऊन दिलं.

पैसे घ्यायला बाबांनी साफ नकार दिला होता. "बाद मालाचे कसले पैसे?" म्हणून ती चित्रं आणायला लागली. आमच्या घरात चित्रसंग्रह सुरू झाला तो असा, आणि तो सांभाळायचं काम आपोआप आईकडे आलं.

आईची पद्धत ठरलेली होती. चित्र सोफ्याला टेकवून ठेवायचं. समोर बसून शेंगा सोलायच्या किंवा पालेभाजी निवडायची. भाजी निवडून झाली तरी चित्राकडे बघावंसं वाटलं तर ठेवायचं.

पहिलं चित्र तिने परत केलं. बाई दारातच उभी होती. मी भाषांतर करायला कचरत होते, तर आईने स्वतःच सांगितलं, "धिस वन नो. आय फील फिव्हर."

बाई थक्क झाली. मग गॅरेजच्या दाराला धरून हसत सुटली. "माझ्याबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली," ती मला म्हणाली, "पण त्या चित्राच्या वेळी मला खरंच ताप होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

दुसरं, करड्या रंगाचं, सगळ्या बाजूंनी विरत जाणारं चित्र आईने ठेवून घेतलं. त्यात काय दिसतं असं मी विचारलं, तर म्हणाली, "दिसायला कशाला हवं? शांत वाटतं." बाईचा मित्र असलेला एक चित्रसंग्राहक, न्यूयॉर्कमधला, गळ्यात मफलर बांधणारा हसरा गृहस्थ, एकदा आमच्याकडे आला. आईने निवडलेली चित्रं त्याने हात मागे बांधून पाहिली आणि मला हळूच विचारलं, "तुमच्या आईंचा सल्लागार कोण आहे?"

"मेथी," मी म्हणाले. त्याने ते नाव मनात नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली.

मग थाळ्यांचं प्रदर्शन ठरलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई आम्हाला गॅलरी दाखवायला घेऊन गेली. पांढऱ्या भिंतींवर आमच्या गॅरेजमधल्या थाळ्या, त्यांच्या चिरांत काळा रंग, आणि दारापाशी मोठ्या अक्षरांत तिचं नाव. त्याच्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, बाबांचं नाव.

आपण त्यांना केवढा मान दिलाय, असा तिचा चेहरा होता. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"नाव काढा," ते म्हणाले.

तिला वाटलं, ते संकोचाने म्हणताहेत. "तुमच्याशिवाय हे झालंच नसतं."

"तेच तर म्हणतो आहे मी. आमच्या तीन पिढ्यांचं नाव कधी फुटक्या नगाखाली लागलं नाही. काढा."

ती दुखावली. आवाज चढवून म्हणाली की हे फुटकं नाही, हे काम आहे, तिचं सगळ्यात चांगलं काम आहे. बाबा म्हणाले, काम असेल, पण माझं नाही. मी दोघांची वाक्यं इकडून तिकडे पोचवत होते आणि प्रत्येक वेळी थोडी साखर घालत होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. परतीच्या वाटेवर बाबा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "तिला लागलं का गं फार?"

"हो," मी म्हटलं.

"चित्रं चांगली आहेत तिची," ते म्हणाले. "पण नाव म्हणजे नाव."

घरी आल्यावर आईने बाबांच्या कपाटावरची सगळ्यात चांगली बरणी काढली. पांढरी, खांद्याला एकच तपकिरी पट्टा, अगदी पणजोबांच्या वळणाची. "नाव याखाली लागलं तर चालेल?" तिने विचारलं. बाबांनी ती एकदा वाजवून पाहिली आणि पुसून परत तिच्या हातात दिली, म्हणजे चालणार होतं. मग आईने स्वतः बाईला स्पीकरवर फोन लावला. मी शेजारी उभी होते, पण मला बोलू दिलं नाही.

"आय ब्रिंग वन बरणी. गुड वन. नेम देअर. ओके?"

मग बाई म्हणाली की इतक्या तुटलेल्या वस्तूंत एक धड वस्तू ठेवली की सगळं प्रदर्शनच बिघडेल. मग म्हणाली, "आणा. बिघडू दे. पण ती चांगली आहे हे लोकांना कळणार कसं?"

"वाजवून," मागून बाबा म्हणाले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मधोमध बरणी ठेवली होती, खाली फक्त बाबांचं नाव. काळे कपडे घातलेली न्यूयॉर्कची मंडळी रांगेने येत होती आणि बाबा प्रत्येकाला पेराने कसं वाजवायचं ते शिकवत होते. आधी थाळी, मग बरणी. बद्द. टण्ण. अंगठ्या काढून ठेवा, नखाने नको, पेराने. गॅलरीचा रखवालदार सुरुवातीला धावत आला, "डोन्ट टच!" म्हणाला. बाईने त्याला हाताला धरून रांगेत उभं केलं. त्याची वेळ आली तेव्हा त्याने पुन्हा पुन्हा बरणी वाजवली आणि मागचे लोक कुरकुरायला लागले. मोठ्या दुकानात पडद्यांमागे लपलेली माझी लेक आता बाबांच्या शेजारी उभी राहून जोरजोरात सांगत होती, "लिसन टू द डिफरन्स!"

मफलरवाला संग्राहक बाबांकडे आला. त्याला बरणी हवी होती.

"आत काय ठेवणार?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. काचेच्या कपाटात ठेवणार."

बाबांनी नम्रपणे नकाराची मान हलवली आणि आईकडे पाहिलं. आईने ती बरणी प्रदर्शन संपल्यावर चित्रकार बाईला दिली, लिंबाचं गोड लोणचं भरून. संग्राहकाला दुसऱ्या बरणीचं वचन मिळालं, पण आत रोज काहीतरी ठेवायच्या अटीवर. त्याने तांदूळ चालतील का असं विचारलं. चालतील, असं ठरलं.

त्यानंतर बाईच्या मित्रमंडळींना आमचा पत्ता कळला. कुणी भट्टीत काच वितळवायला आला, कुणी गंजलेले खिळे भाजायला, आणि प्रत्येक जण जाताना चित्र ठेवून जाऊ लागला. भिंती संपल्या. जिन्यात चित्रं, कपाटामागे चित्रं. नवरा म्हणाला, आता मला तरी भिंतीवर टांगा. तेव्हा आईने गावातल्या मराठी घरांना चित्रं वापरायला द्यायला सुरुवात केली. महिनाभर ठेवा, मग बदलून घ्या. आधी लोक बिचकले. एका काकांनी विचारलं, "हे सरळ लावलंय ना?" आईने सांगितलं, "तुम्हाला बरं वाटेल तसं लावा." आता गणपतीच्या आधी आमच्याकडे गर्दी होते, कारण आरास करताना मागे काय लावायचं यावरून घरोघरी मतभेद असतात. मागच्या रविवारी पुण्याहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं आलं होतं. नव्या अपार्टमेंटच्या भिंती रिकाम्या, नोकरीचा ताण, दोघंही दमलेली. आईने त्यांना सोफ्यावर बसवलं, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट दिलं आणि समोर निळं चित्र टेकवून ठेवलं.

"घाई नाही," ती म्हणाली. "शेंगा सोलून होईपर्यंत बघा."