कातरलेल्या मेंढीचं वजन

पिंपळनेरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवाच लागलो होतो. सत्याऐंशी साल असेल. माळावर उतरलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या कळपाला मी जंताचं औषध पाजलं. पंधरा दिवसांनी जाऊन पाहतो तर मेंढ्या तशाच हगवणलेल्या, आणि दोन मेलेल्या.

मी तावातावानं म्हणालो, "औषधच निकामी आहे. तसं वर कळवतो."

 म्हाताऱ्यानं एका मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून मला तिची पांढरीफटक पडलेली आतली बाजू दाखवली; जंत अजून रक्त पीतच होते. मग ती मेंढी उचलून सरळ माझ्या हातांवर ठेवली. मी गुडघ्यांत वाकलो.

"साहेब, लोकर उतरनी, वजन नही उतरनं," तो हळूच त्याच्या अहिराणीत म्हणाला.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मी औषध पाजलं त्याच्या आदल्याच दिवशी त्यानं कळप कातरला होता. त्या बोडक्या मेंढ्या मला बारीक दिसल्या आणि वजनाप्रमाणे द्यायचं औषध मी नजरेच्या अंदाजानं कमी दिलं.

पुन्हा पुरतं औषध पाजलं. कळप सावरला. पुढं आठवडी बाजारात दुसरे मेंढपाळ त्याला औषधाबद्दल विचारत होते. मी मान खाली घालून मागंच उभा होतो.

"दवा चांगली शे," तो म्हणाला. "साहेब बी चांगला शेतस."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण पुढं नोकरी संपेपर्यंत, एक तरी मेंढी उचलून पाहिल्याशिवाय मी औषधाचं माप भरलं नाही.