साहेबांचा फोन

आमचे हे वीस वर्सं झाली लग्नात माईकवर नावं पुकारतात. पोटाचा धंदा शिलाईचा. बीडकडच्या शिरूरच्या बाजारात टपरीएवढं दुकान हाय. पण सिद्धाराम टेलर म्हणलं तर चार माणसं वळखतील, अन् सिद्धाराम माईकवाला म्हणलं की अख्खा तालुका. कोण माजी सभापती, कोण आताचा उपसरपंच, कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, सगळं तोंडपाठ. घरातलं मीठ संपलं ते मात्र तीनदा सांगावं लागतं! एकदा एका चेअरमनचं नाव दुसऱ्याच्या मागून घेतलं, तर तो गडी भरल्या ताटावरून उठून गेला. तवापासून यांच्या खिशात यादी असती. अन् एक नेम: माणूस खुर्चीत टेकल्याबिगर त्याचं नाव घ्यायचं न्हाई. "खोटं नाव पुकारलं की माझा आवाज गेला समज," म्हणायचे. मी म्हणायची, जाऊ द्या एकदाचा, घोरणं तरी थांबंल.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बसप्पाच्या पोरीचं, शिवांजलीचं लग्न. बसप्पाचं लोखंड-सिमेंटचं दुकान हाय. माणूस वाईट न्हाई, पण व्याही मिळाले लातूरचे, अन् बैठकीतच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडून मोठं कोण येणार हाय?" झालं! तिथून बसप्पाचं डोकं फिरलं. पाचशे फेटे काय, आकाशात घिरट्या घालणारा ड्रोन काय, नवरीच्या वाटेवर धूर सोडायच्या मशीन काय. पत्रिका तर मिठाईच्या डब्यासारखी, अन् वर सोनेरी अक्षरात साहेबांचं नाव. साहेब म्हणजे जिल्ह्याचे पुढारी. ते आल्याबिगर अक्षता पडणार न्हाईत, असं बसप्पानं गावभर सांगून ठेवलतं.

मुहूर्त बारा पस्तीसचा. मी बसप्पाच्या आईजवळ बसलते, गंगासागर मावशीजवळ. त्यांचे ब्लाऊज पहिल्यापासून आमीच शिवतो, म्हणून माझा हात धरून बसल्या होत्या. मावशीला साखरेचा आजार. इन्सुलिनची सुई घेतली की अर्ध्या तासात खावं लागतं. पण त्यांच्या घरात अक्षता पडल्याशिवाय घरच्या बाईनं दाताला काही लावायचं न्हाई, अन् पहिल्या नातीचं लग्न! मावशीनं मुहूर्ताचा हिशोब करून बाराला सुई घेतली. अक्षता टाकायच्या अन् पानावर बसायचं.

बारा पस्तीस झाले. एक वाजला. हे माईकवर, "मंडळी, जागा सोडू नका, थोड्याच वेळात..." मांडवात पंखे गरम हवा फेकत होते. नवरदेव मृत्युंजय पाटावर उभा राहून राहून पाय बदलत होता. शिवांजलीचा चेहरा तर बघवत नव्हता. लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकाच्या पुस्तकानं वारा घेत होते.

सव्वाला बसप्पा यांच्या कानात म्हणला, "साहेब लिंबागणेशचं लग्न उरकून निघालेत. सांग सगळ्यांला."

यांनी सांगितलं. टाळ्याबी पडल्या.

इकडं मावशीचा हात माझ्या हातात ओला व्हायला लागला. आधी वाटलं उकाड्याचा घाम. मग हात थरथरला. म्हणलं, "मावशी, एक पेढा खा." मावशीनं तोंड घट्ट मिटलं. मी बळंच लावला तर थुंकून टाकला अन् मला म्हणल्या, "वत्सला, पोरगी पाटावर हाय." वत्सला त्यांची बहीण, मरून आठ वर्सं झाली.

मी उठले, बायकांतून वाट काढत बसप्पापाशी गेले. चार पुरुषांसमोर म्हणलं, "भाऊ, आई जाईल तुमची. अक्षता टाका."

"वैनी, पाचच मिनटं," बसप्पा म्हणला. त्याचे व्हट वाळलते. "साहेब चकलांब्याच्या फाट्यावर आलेत."

मला काही उमगलं न्हाई. पण शेजारी उभे होते आमचे हे. यांनी माईक खाली घेतला. मी वीस वर्सांत या माणसाचा असा चेहरा बघितला न्हाई.

"बसप्पा," हे हळूच म्हणले, "लिंबागणेश बीडच्या खाली. चकलांबा आपल्याही वर, गेवराईकडं. लिंबागणेशहून निघालेला माणूस शिरूर ओलांडून चकलांब्याला कशाला जाईल?"

बसप्पानं खिशातला फोन मुठीत धरला.

"फोन कुणाला लागला तुझा?"

"कुणालाच न्हाई," बसप्पा म्हणला. "बंगल्यावर तीनदा गेलतो. भेटच न्हाई झाली. वॉचमनजवळ पत्रिका देऊन आलो. वाटलं, येतील. आता व्याह्याला काय तोंड दाखवू, सिद्धाराम? हितंच मरू का?"

असा राग आला मला! तिकडं याची आई बरळायला लागली, अन् याला तोंडाची पडलीय. मी म्हणलं, "माईक द्या हिकडं, मीच सांगते सगळ्यांला." खरंच सांगणार होते. यांनी माझा हात बाजूला केला.

यांनी मागं बघितलं. मावशीची मान छातीवर पडलती, दोघी बायकांनी धरलती. यांनी खिशातली यादी काढली, बघितली, परत ठेवली. मग मोबाईल काढून कानाला लावला. तो बंद होता, मला दिसत होतं. सगळ्या मांडवादेखत म्हणले, "हो साहेब. हो. होय, आजी सकाळपासून उपाशी हायत. बरं साहेब."

अन् माईकवर आले. "मंडळी, आत्ताच साहेबांचा फोन आला. साहेब म्हणले, माझ्यासाठी आजींना उपाशी ठेवू नका. आजींचा आशीर्वाद तोच माझा आशीर्वाद. स्वामी, मंगलाष्टक सुरू करा!"

टाळ्या, शिट्ट्या, व्याही तर उभे राहिले. स्वामींनी अशी घाई केली की चौथं कडवं संपायच्या आत अक्षतांचा मारा झाला. मी मावशीच्या हातानं चार दाणे उडवले, अन् साखरेचं पाणी चमच्यानं तोंडात सोडत राहिले. "पडल्या अक्षता, मावशी. पडल्या, गिळा आता." कितीतरी वेळ काहीच न्हाई. मग घोट गिळला. मग अजून एक. थोड्या वेळानं डोळे उघडून मला माझ्या नावानं म्हणल्या, "वर्षाराणी, तुझी साडी भिजली ग." मी तिथंच रडले.

आमी घरी निघालो. मी म्हणलं, माणूस वाचवला तुमी. तर म्हणले, "नेम मोडला ना पण." त्या दिवसापासून माईक धरला न्हाई. कपाटावर फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

अन् लोक? बसप्पानं दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला, साहेबांचे जाहीर आभार! साहेबांचा फोटो गाडीएवढा, आईचा कुठंच न्हाई. मावशीनं साहेबांच्या फोटोचं कात्रण देवघरात लावलंय. म्हणत्यात, एवढा मोठा माणूस, त्याला माझी भूक कळली. मी काय सांगू त्यांना? तिकडं दुकानात कापड टाकायच्या निमित्तानं माणसं येतात, अन् हळूच विचारतात, आमच्याबी लग्नात साहेबांचा फोन येईल का?

परवा बसप्पा आला. धाकट्या पोरीचं जमलं. पत्रिकेचा डबा मशीनवर ठेवला, वर तेच सोनेरी नाव. हे म्हणले, "मी सोडलं ते काम." बसप्पा हात जोडायला लागला. म्हणला, "एवढ्या बारीला. अन् सिद्धाराम, मागच्यासारखा उशीर नको करू. फोन बरोबर मुहूर्तालाच येऊ दे. आईला सुई घ्यायची असती रे."