मादलेनबाईंचं शेवटचं गाणं

मादलेनबाई गेल्याचं त्यांच्या भाच्यानं फोनवर कळवलं, तेव्हा मी इथे लंडनमध्ये, क्रॉयडनच्या ट्राममध्ये होते. “मावशी झोपेतच गेली,” म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला. खरं सांगते, तेव्हा रडू नाही आलं, लाज वाटली. ती अजून जात नाही.

बाई माझ्या भिंतीपलीकडच्या शेजारीण. तरुणपणी पॅरिसच्या कॅबरेत गायच्या. कॅबरे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ना, ते नव्हे हं! तळघरातली छोटीशी जागा, एक दिवा, आणि साध्या काळ्या झग्यात उभी राहून स्वतःची गाणी गाणारी बाई. शब्द तिचे, चालही तिचीच. घरमालक, धोबिणी, पळून गेलेला प्रियकर... कुणाला म्हणून सोडलं नाही त्यांनी. दोन रेकॉर्डी निघाल्या. मग गिटारवाल्या पोरांचा जमाना आला, कामं आटली, आणि इंग्रज नवऱ्याबरोबर त्या इकडे आल्या. इथे त्यांची फ्रेंच गाणी कोण ऐकणार? तरी रचणं थांबलं नाही. कागदावर मात्र काही उतरवायच्या नाहीत, सगळं डोक्यात.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना गायला बोलवायचं मीच सुचवलं. बाई हरखल्याच. “सुनंदा, तुझ्या फोडणीच्या वासावर नवीन गाणं केलंय!”

“मग ऐकवा की!”

“छे! श्रोत्यांआधी शेजाऱ्यांनी ऐकलं तर गाणं शिळं होतं.” मी ऑफिसला गेले की त्या तालीम करायच्या.

कार्यक्रमात आमचं नेहमीचंच! स्पॉन्सर लोकांची भाषणं, मुलांचे नाच, आभार, पुन्हा आभार. मग बाईंचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. शाल सावरत त्या माईकपाशी गेल्या, डोळे मिटले, श्वास घेतला... आणि आमचे सेक्रेटरी म्हणाले, “वेळेअभावी गाणं पुढच्या वर्षी. महाप्रसाद तयार आहे, रांगेत या!” धडाधड खुर्च्या सरकल्या. आणि मी? माझी वाढपाची ड्यूटी होती, पुऱ्या घेऊन धावले. गायिकेला नारळ द्यायचा आणि गाऊ द्यायचं नाही, हे आम्हालाच जमतं बाई! परतताना कारमध्ये मी सॉरी म्हणायला लागले, तर म्हणाल्या, “असू दे, लोकांना भूक लागली होती.” पुढच्या वर्षी पहिलं गाणं तुमचंच, असं मी छातीठोक सांगितलं. त्यांना ते वर्ष मिळालं नाही.

गेल्या शनिवारी भाच्याला घर आवरू लागायला गेले. त्यानं पियानोचं झाकण उघडलं. “मावशी फोनवर सांगत होती, तुमच्या हॉलमध्ये सगळ्यांनी अगदी मन लावून ऐकलं म्हणून. ते गाणं मला कुठेच सापडत नाहीये... तुम्ही होतात ना तिथे? चाल तरी गुणगुणा, मी वाजवून बघतो.”

पट्ट्यांवर बोटं ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आम्ही ऐकलंच नाही रे,” मी म्हटलं. “आम्ही जेवायला गेलो.”