शिंदखेड्याला शर्यत भरवायला गेले तेव्हा

पुण्याहून निघाले तेव्हा सामानात पळायचे बूट नव्हते. शिट्ट्या होत्या, नारिंगी फिती होत्या, बाणांचे फलक होते आणि सायकलच्या चाकाला लावायचं, अंतर मोजणारं यंत्र होतं. नऊ वर्षं मी पाच हजार मीटर पळले. आधी राज्यासाठी, मग राष्ट्रीय शिबिरात. नडगीचं हाड तिसऱ्यांदा तडकलं आणि ते सगळं थांबलं. आता मी शर्यती भरवणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. शिंदखेड्याची मुलींची दहा किलोमीटरची शर्यत ही एकटीवर सोपवलेली माझी पहिलीच. पहिल्या तिघींना पुण्यातल्या शिबिरात प्रवेश मिळणार होता, आणि ते शिबिर माझ्याच जुन्या सरांचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा निरोपही न घेता मी तिथून निघून आले होते. त्यामुळे या शर्यतीबद्दल त्यांच्याशी बोलायचं काम मी ऑफिसात दुसऱ्याच्या गळ्यात घातलं होतं.

जळगावला सकाळी उतरून सुरतेकडे जाणारी पॅसेंजर पकडली. केळीच्या बागा हळूहळू मागे पडल्या. धरणगाव, अमळनेर गेलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन नि फुटलेला कापूस दिसू लागला. समोर बसलेल्या म्हातारीने माझ्या मांडीवरच्या फलकांकडे बोट दाखवून विचारलं, "हाई काय शे, माय?"

"शर्यत आहे आजी, शिंदखेड्याला. मुली पळणार आहेत."

"पयीसन काय भेटस?" (पळून काय मिळतं?)

उत्तराची वाट न बघता तिने ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि ती डुलक्या घेऊ लागली.

स्टेशनवर नाना स्कूटर घेऊन उभे होते. शाळेत तीस-एक वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेले. गावातली सगळी तयारी त्यांच्याकडे होती. उतरायचंही त्यांच्याच घरी. दुपारी त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं हिरवंगार भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) वाढली. मी जुन्या सवयीने दुसरी भाकरी नको म्हटलं.

"खाय पोटभर," अक्का म्हणाल्या. "तुले थोडीच पयनं शे!" (तुला थोडंच पळायचंय!)

त्या मायेनेच म्हणाल्या होत्या. मी दुसरी भाकरी घेतली.

पुढचे दोन दिवस मी सायकलवरून रस्ता मोजला. मागून नाना स्कूटरवर, येणाऱ्या ट्रॅक्टरना हात करून थोपवत. सहाव्या किलोमीटरनंतर रस्ता एका जिनिंग मिलवरून जात होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिथे कापसाच्या गाड्यांची रांगच लागली. मी मिलच्या अलीकडून, पाटाच्या बाजूने वळण घेतलं, अंतर पुन्हा मोजलं, बाण हलवला आणि वळणावर उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला सगळं समजावलं. एका माणसाला सांगायचं मात्र राहिलं. सुरेशभाऊंना. कॉलेजचे ग्रंथपाल असलेले हे सुरेशभाऊ सकाळी आघाडीच्या मुलीपुढे सायकल चालवणार होते.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मुली सुटल्या आणि नजरेआड होण्याआधीच रोहिणी नावाची एक सडपातळ मुलगी सगळ्यांच्या पुढे निघून गेली. खांदे सैल, पाऊल हलकं. माझ्या शेजारी नाना स्वतःशीच हसले. "पाटावर एकटी पळते रोज. कुणी शिकवलेलं नाही."

शेवटच्या रेषेशी मी फीत धरून उभी होते. पहिली आली ती रोहिणी नव्हती. दुसरी, तिसरी, चौथीही नव्हती. पाचवी रोहिणी आली आणि तिच्यामागून घामाघूम सुरेशभाऊ. ते जुन्या रस्त्याने सरळ मिलपर्यंत गेले होते, त्यांच्यामागे रोहिणीही, आणि तिथून दोघं परत फिरले होते. वळणावरच्या बाईंनी हाक मारली, पण गाड्यांच्या आवाजात ती ऐकू गेली नाही. मागच्या मुली बाण पाहून वळल्या.

रोहिणी गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. "सायकल जथी गयी, तथी मी गयी," ती म्हणाली. (सायकल जिकडे गेली, तिकडे मी गेले.)

नानांनी मला बाजूला घेतलं. "ताई, नियम काय सांगतो?"

नियम मला पाठ होता. रस्ता ठाऊक असण्याची जबाबदारी धावणाऱ्याची. तेवढं एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. सुरेशभाऊ मान खाली घालून कोपऱ्यात उभे होते आणि लोक त्यांच्याकडेच बघत होते. मला ते बघवेना. मी माईक घेतला. "वळण मी बदललं आणि सुरेशभाऊंना सांगायला विसरले. त्यांची चूक नाही, रोहिणीची नाही. चूक माझी आहे."

मग रोहिणीजवळ जाऊन मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माफीनं मी काय करू? माले परत पयू द्या."

आता सरांना फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "उद्या सकाळी पूर्ण दहा पळव. तिसरीच्या वेळेच्या आत आली तर बघू."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही सुरुवातीच्या रेषेशी पोचलो, तर रोहिणीशेजारी तिसरी आलेली संगीता बुटांच्या नाड्या बांधत होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "एकटीले पयनं जड जास." या वेळी सुरेशभाऊ सायकल घेऊन पुढे निघाले आणि पाटाच्या वळणाच्या आधीपासूनच हात दाखवू लागले. मी नानांच्या मागे स्कूटरवर, हातात घड्याळ. आठव्या किलोमीटरला रोहिणीची पावलं जड झाली. आदल्या दिवसाचं जादा अंतर तिच्या मांड्यांत होतं. संगीता अर्धं पाऊल पुढे राहून तिला ओढत होती. मी ओरडत होते, काय ते आता आठवत नाही.

चार सेकंद जास्त लागले.

घड्याळ माझ्या एकटीच्या हातात होतं. नानांच्या घरी येऊन सरांना फोन केला आणि खरी वेळ सांगितली.

"काल ही एकूण किती पळाली होती?"

"अकराच्या वर, सर."

"पाठव तिला. चौघी येऊ देत." फोन ठेवतील असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि तुझा पाय?"

"चालताना दुखत नाही."

"शिबिरात ये एकदा. मुलींना सोडायला तरी ये."

मी नुसतं हो म्हटलं आणि अंगणात गेले. रोहिणी आणि संगीता अक्कांनी दिलेला चहा बशीत ओतून पीत होत्या. चौघी जायच्या हे ऐकल्यावर रोहिणीने संगीताच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि मग दोघी एकदमच रडायला लागल्या.

परतीची बस धुळ्याहून होती. नानांनी गावातल्या बसस्थानकापर्यंत सोडलं. धुळ्याहून गाडी सुटली आणि मी इतक्या वर्षांतल्या माझ्या शर्यती आठवू लागले. मातीच्या, डांबराच्या, डोंगराच्या. त्यांतल्या प्रत्येक रस्त्यावर आधी कुणीतरी सायकल फिरवून अंतर मोजलं असेल, ट्रॅक्टर थोपवले असतील. थंडीत वळणावर उभं राहून कुणीतरी मला हात दाखवला असेल आणि मी त्या हाताच्या भरवशावर वळले असेन. त्यांच्यापैकी एखादा तरी चेहरा आठवावा म्हणून मी पार मालेगाव येईपर्यंत प्रयत्न केला. एकही आठवला नाही.