पातळ पत्रा

प्रदर्शनात नव्या गाडीवरचं कापड सरकलं आणि माझे जुने साहेब इंजिनाची थोरवी सांगू लागले. ते इंजिन आमच्या गटाने घडवलं होतं. काम संपताच साहेबांनी आम्हाला घरी बसवलं. भाषणानंतर मी गाडीचं दार बोटाने वाजवलं आणि शेजारच्या गृहस्थांना ऐकवलं, "पत्रा पातळ आहे हो."

"तरी म्हटलं," असं म्हणत त्यांनीही वाजवलं. मग त्यांच्या बायकोने, मग आणखी कुणीकुणी. माणसं भाषणाला टाळ्या देतात, पण विश्वास स्वतःच्या बोटांवर ठेवतात. साहेबांचं हसू मावळत गेलं.

खरं तर पत्रा उत्तम होता. माझ्याबरोबरच घरी बसलेल्या सदाने तो पारखून निवडला होता. मी मनातल्या मनात सदाची क्षमा मागितली, आणि पलीकडच्या दाराशी जाऊन पुन्हा टकटक केली.