नऊ दिवसांची उशी

माझी मुलगी बत्तीस वर्षांची आहे आणि सध्या काचेची उशी करते आहे. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पुढचं ऐकायला लोक थांबत नाहीत.

नऊ वर्षं तिने दातांच्या लॅबमध्ये काढली. मेणाचा दात कोरायचा, भोवती साचा ओतायचा, मेण वितळवून काढायचं, रिकाम्या जागेत धातू. मग कुणाकडे तरी तिने काचेचं शिल्प पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "आई, पद्धत तीच आहे गं, फक्त तोंडाबाहेरची!" पुढच्याच आठवड्यात ते शिल्प करणाऱ्या बाईंच्या दारात उभी. नोकरी सोडून.

बाई सत्तरीच्या. त्यांनी पहिले चार महिने तिला नुसते जुने साचे फोडायला लावले. इकडे तिच्या बाबांचा पारा चढलेला. शेवटी बापलेकीत करार झाला: यंदाच्या प्रदर्शनात तिचं काम लागलं तर बाबा ब्र काढणार नाहीत, नाही लागलं तर लॅबमध्ये परत. लॅबने जागा धरून ठेवली होती.

उशी म्हणजे डोकं टेकून उठल्यावर खळगा पडलेली, अख्खी काचेची. साच्यात काच वितळली. आता ती बंद भट्टीतच हळूहळू निवू द्यायची. घाई केली तर तडकते. किती दिवस, ते जाडीवर ठरतं. हिने पाच दिवसांचं गणित मांडलं. बाईंनी कागद पाहिला.

"जाडी कुठे मोजलीस?"

"खळग्यात."

"का?"

दाताची कॅप सगळ्यांत पातळ कुठे आहे ते बघायचं, ही नऊ वर्षांची सवय. काचेत बघायचं, सगळ्यांत जाड कुठे.

"हा दात नव्हे, बाळ," बाई म्हणाल्या. "उशीचं पोट बघ. नऊ दिवस."

प्रदर्शनाला काम पोचवायची मुदत सहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती.

सहाव्या दिवशी दुपारी तिचे बाबा गाडीत जुन्या रजया घालून कार्यशाळेत हजर. सोबत मी. भट्टीवरचा आकडा दाखवत होता दोनशे अकरा अंश.

"उघड," ते म्हणाले. "थोडी गरम असली तर असू दे. मी सावकाश चालवीन."

"बाबा, ती काय चहाची किटली आहे?"

मी बाईंकडे पाहिलं. "काम तिचं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

खरं सांगते, भट्टीच्या कडीकडे आधी हात गेला तो माझाच. मुलीने स्टूल ओढलं, दाराला लावलं आणि त्यावर बसली.

"आई, हात लावायचा नाही."

"अगं, वर्षभराची मेहनत..."

"म्हणूनच."

"मग लॅबमध्ये जावं लागेल," बाबा म्हणाले.

तिने फोन काढला आणि आमच्यादेखत लॅबच्या मालकांना सांगितलं, "काका, माझी जागा धरू नका. दुसरं कोणी बघा." फोन खिशात टाकला. "करार मी मोडला. बोला काय बोलायचं ते. दार उघडणार नाही."

"कोणावर गेलीस गं तू?" बाबा म्हणाले.

"माझ्यावर नाही," बाई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "मी तिच्या वयात उघडली होती."

परतताना गाडीत हे म्हणाले, "तू तरी समजवायचंस."

"नाही समजवणार," मी म्हटलं. "उशी तडकली तरी ती लॅबमध्ये जाणार नाही, आणि तुम्ही तिला जा म्हणायचं नाही."

आज आठवा दिवस. उशी अखंड निघेल की नाही, बाईही सांगत नाहीत. मुलगी मात्र पुढच्या शिल्पाचं मेण कोरायला बसली आहे, भट्टी उघडायची वाट न बघता.