तेलाचे तीन हात

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी मी चार लहान फळ्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि वडिलांना हाताला धरून पहिल्या फळीपाशी आणले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. घरात ते कधी चप्पल घालत नसत. काचबिंदूने त्यांच्या नजरेतून माणसांचे चेहरे पुसून टाकले होते, उरले होते फक्त हलते आकार. म्हणून जिन्याचे पॉलिश मी पाहून ठरवणार नव्हते. ते आप्पांनी त्यावर उभे राहून ठरवायचे होते.

जिना त्यांनी स्वतः केला होता. साकीनाक्याच्या एका फाउंड्रीत ते लाकडी साचे बनवत. ओतीव लोखंडाचा प्रत्येक अवजड भाग आधी त्यांच्या हातून लाकडात जन्म घेई. बोरीवलीचे हे रो-हाऊस घेतले तेव्हा वरच्या एकुलत्या एका खोलीत जायला लोखंडी शिडी होती. आप्पांनी ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून मोडीत निघालेल्या जहाजाच्या केबिनचे ओक लाकूड आणले आणि सुट्टीच्या दिवशी एकेक करत चौदा पायऱ्या बसवल्या. “सागवान सोडून हे कसलं विलायती लाकूड?” असे शेजारी विचारत. आप्पा उत्तर देत नसत. करवत चालताना त्या लाकडाचा वास मात्र आंबट येई, चिंच भिजत घातलेल्या भांड्यासारखा. मी शाळेतून आले की दारातच कळायचे, आज आणखी एक पायरी झाली.

इतक्या वर्षांनी मधोमध पॉलिश उडून लाकूड करडे पडले होते. दादाने, अंधेरीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, मुलुंडला माझ्या घरी फोन केला.

“जिन्याची पार रया गेलीय गं. पॉलिश मारून घेऊ. कुठलं ते तू ठरव, तुला त्यातलं कळतं.”

“आप्पांना विचारलंस?”

“ते सगळ्यालाच हो म्हणतात. तू ये ना!”

मी सुखावले, हे लपवण्यात अर्थ नाही. आई गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. लग्न झालेल्या बहिणी करतात तशीच, पोहे आणि चहा यांच्या मधल्या वेळात, न वाचता. तेव्हापासून माहेरी मला विचारले जाई ते लोणच्याच्या मिठाबद्दल, पडद्याच्या रंगाबद्दल. घराबद्दल कुणी काही विचारले नव्हते. आता एक जिना माझ्या हाती आला होता, आणि त्या जिन्यावर माझ्यासाठी एकच गोष्ट अवलंबून होती. आप्पांनी आता वर चढू नये, खालीच झोपावे, असे दादा अधूनमधून म्हणू लागला होता. वरच्या खोलीत आप्पांचा पलंग होता, हत्यारांची पेटी होती, नॅशनल पार्कच्या बाजूने वारा आणणारी खिडकी होती. पाय घट्ट टेकला तर ते आपल्या पायांनी आपल्या खोलीत जात राहतील, एवढेच मला हवे होते.

जिन्याचे उरलेले तुकडे माळ्यावर होते. एकाला मी मेण चोळले. दुसऱ्याला लाखेचे पॉलिश दिले, तिसऱ्याला काचेसारखे चकाकणारे पीयू, जे आत न मुरता वर प्लास्टिकसारखा थर धरते. चौथ्याला जवसाचे तेल, हार्डवेअरवाले ज्याला बेलतेल म्हणतात ते. आप्पांचे तळवे मी ओल्या फडक्याने पुसले, कारण न्हाणीघरातून आलेला पायच घसरतो. मेणावर ते क्षणभर थांबले. लाखेवर मान हलवली. पीयूवर त्यांचा अंगठा आपोआप आक्रसला, जसा शेवाळावर आक्रसतो. चौथ्या फळीवर त्यांनी दोन्ही पाय ठेवले, टाचा दाबल्या, आणि त्यांच्या तोंडातून थेट मालवणी आली, जी फक्त समाधानात येई.

“ह्यां पायाक धरता.”

मग तीन शनिवार मी त्या जिन्यावर गुडघ्यांवर बसून काढले. पॉलिश पेपरने घासताना करड्याखालून मधासारखा रंग वर आला, आणि तो जुना आंबट वासही, दबलेला पण जिवंत. तेलाचा पहिला हात लाकडाने अक्षरशः पिऊन टाकला. फडके पुढे जाई तोवर मागची ओल आत गेलेली असे, आणि रेषा गडद होऊन उमटत, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या. दुसरा हात सावकाश मुरला. तिसऱ्याला ऑक्टोबरचे ऊन कामी आले. आप्पा खालच्या खुर्चीत बसून कानांनी काम पाहत.

“सातवी अजून कोरडी वाजतेय. परत दे.”

“तुम्हाला इथून कसं कळतं?”

“फडका अडकतोय तिथे. आणि ते फडके चुरगळून टाकू नकोस हां. पाण्यात बुडव. तेलाचा बोळा आपोआप पेटतो.”

मी बुडवले. आम्ही दोघे इतके कधी बोललो नव्हतो. तिसरा हात सुकल्यावर, पुढच्या रविवारी, ते कठड्याला न धरता वर गेले. चौदा पायऱ्या, एकही न चाचपता. वरून म्हणाले, “झकास केलंस गो.” मी खाली उभी राहून रडले, आणि ते रडणे मला फार आवडले.

गुरुवारी मी न सांगता गेले. फाटकाशीच वासाने मला अडवले. थिनरचा तो टोकदार, नाकाच्या मुळाशी बसणारा वास होता. जवस त्याखाली कुठेच नव्हते. जिन्यावर पॉलिशवाले काका ब्रश घेऊन वाकले होते. खालच्या दहा पायऱ्या ओल्या काचेसारख्या चमकत होत्या आणि त्यांत दाराचा प्रकाश उलटा पडला होता.

“काका, हे काय करताय?”

“पीयू मारतोय, ताई. दादांनी सांगितलं. शनिवारी पार्टी येतेय ना घर बघायला.”

मला वाक्याचा शेवट ऐकू आला, पण समजला नाही. तेच पुढे म्हणाले, “मी बोललो त्यांना, लाकूड तेल प्यायलंय, आतून अजून ओलं आहे, वरचं धरणार नाही. महिनाभर थांबा म्हटलं. ऐकत नाहीत.”

दादा मागच्या अंगणात फोनवर होता. मला पाहून त्याने फोन बंद केला.

“घर विकतोस?”

“विकतोय आम्ही. तुला सांगणारच होतो. तुझा तो जिना एकदाचा होऊ दे, म्हटलं.”

“माझा जिना?”

“चिडू नकोस ना यार! अंधेरीला लिफ्ट आहे, समोर डॉक्टर आहे. आप्पा एकटे किती दिवस राहणार इथे? पॉलिश मी फोटोसाठीच करायला सांगितलं होतं. तू चकाचक काहीतरी करशील असं वाटलं, आणि तू वाण्याच्या दुकानातल्या पाटासारखा करून ठेवलास.”

“आप्पांना माहीत आहे?”

त्याला खरोखर आश्चर्य वाटले होते.

“विकायच्या कागदावर सही कुणाची आहे मग? गणपतीच्या आधीच ठरलंय सगळं.”

गणपतीच्या आधी. म्हणजे मी फळ्या मांडल्या तेव्हा ठरलेले होते. मी तळवे पुसले तेव्हा, सातव्या पायरीला पुन्हा तेल दिले तेव्हा, ते हात सोडून चढले आणि मी खाली रडले तेव्हाही.

आप्पांचा पलंग बैठकीत आणलेला होता. ते त्यावर बसले होते, पाय जमिनीला न टेकवता. माझा आकार त्यांनी ओळखला.

“आप्पा, मला एका शब्दाने सांगितलं का नाहीत?”

त्यांनी चादरीची कड बोटांत धरली.

“तू इतकी मन लावून करत होतीस.”

“ज्या जिन्यावर तुम्ही चढणार नव्हतात, त्याच्यासाठी?”

“लाकडाक तेल व्हया होतां गो.”

दादाचा मला राग आला होता. राग वर राहतो, खरवडून काढता येतो. आप्पांचे मौन मात्र आत मुरले, आणि ते माझ्याच हातांनी, तीन शनिवार, चोळून चोळून मुरवले गेले होते. मी पाणीसुद्धा न घेता निघाले.

शनिवारी पार्टी आली. दादाने नंतर त्रासून सांगितले, वरच्या पायऱ्या चिकटच राहिल्या होत्या, बाईंच्या मोज्यांचे धागे त्यांवर बसले, काही ठिकाणी पॉलिशला सायीसारख्या सुरकुत्या आल्या. घर तरीही गेले. घेणारे म्हणाले, जिना काढून टाकू, ग्रॅनाइट बसवू.

अंधेरीच्या दहाव्या मजल्यावर मी महिन्याभराने गेले. तोवर जाववले नाही. आप्पा गुळगुळीत टाइल्सवर रबरी सपाता घालून बसले होते. त्यांच्या पायांत पादत्राण मी आयुष्यात प्रथमच घरात पाहिले. खोलीत फिनाइलचा आणि नव्या रंगाचा वास होता. मी बसल्यावर त्यांनी विचारले, “जिना वाळला?”

मी त्यांना वाचवू शकले असते. वाचवले नाही.

“नाही. चिकटच राहिला. काढून टाकणार आहेत.”

त्यांनी मान डोलावली, कारागीर डोलावतो तशी.

“तेलार पॉलिश कसां धरतलां? माका ठावूक होतां.”

“दादाला सांगितलं नाहीत?”

त्यांनी गुडघ्यावरून तळवा फिरवला, घासलेले लाकूड तपासावे तसा. तेव्हा मला कळले, त्या घरात फसवली गेलेली मी एकटीच नव्हते. त्यांनी मला तेल लावू दिले, दादाला पीयू मारू दिले, आणि दोन्ही वेळा खाली बसून ऐकत राहिले. मला वाटले होते, हे कळल्यावर काहीतरी हलके होईल. झाले नाही.

त्यांच्या उजव्या पायाने सपातेतून हळूच बाहेर येऊन टाइलला अंगठा लावला. तो आक्रसला आणि परत आत गेला. माझ्या हाताजवळच ओले फडके वाळत होते. फळ्यांपाशी पुसले होते तसे त्यांचे तळवे पुसायला मी उठले नाही.